समजून घ्या : बीडच्या पंपावरचा दर कुठे ठरतो? आणि हा प्रश्न ६५ वर्षांपूर्वी दिल्लीत विचारणारे केशवदेव मालवीय

दिवाळीच्या आगेमागे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. ट्रक आणि ट्रॅक्टरमध्ये माणसं, भांडी, शेळ्या, कोयते असं सगळं भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जायचं, तिथे पुढचे पाच-सहा महिने उसाची तोड आणि वाहतूक करायची. या सगळ्या हंगामाचा हिशेब दोन गोष्टींवर चालतो. एक उचल, दुसरं डिझेल. गावात राहिलेल्या शेतकऱ्याचंही तेच. बैल कमी झाले, नांगरणी, रोटर, पेरणी, मळणी सगळं ट्रॅक्टरवर आलं आणि एकरी भाडं डिझेलच्या दराला बांधलं गेलं.

त्यामुळे आखातात काही झालं की बीडमध्ये त्याची चर्चा होते, आणि ती उगाच होत नाही. पण एक प्रश्न नेहमी राहून जातो. बीडच्या टाकीत पडणारं डिझेल आखातातून येत नाही. मराठवाड्याला इंधन पुरवणारे मोठे डेपो मनमाडजवळ पानेवाडीला आणि सोलापूरजवळ पाकणीला आहेत. या दोन्ही ठिकाणी मुंबईतल्या रिफायनऱ्यांमधून पाइपलाइनने माल येतो. म्हणजे कच्चं तेल बाहेरून आलं तरी पेट्रोल-डिझेल तयार होतं ते ट्रॉम्बे-माहुलला. मग त्याचा दर परदेशी बाजारातल्या तयार डिझेलवरून का काढायचा?

हा प्रश्न १९५०च्या दशकात दिल्लीतल्या एका मंत्र्याने सरकारी फायलींमध्ये आणून ठेवला. त्यांचं नाव केशवदेव मालवीय. ओएनजीसीचे जनक म्हणून स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत त्यांच्यावर एक ओळ असते. त्या एका ओळीत त्यांच्या कामाचा निम्मा भाग येतच नाही.

तेलाचं शिक्षण घेतलेला मंत्री

मालवीय यांचा जन्म १९०४चा, अलाहाबादचा. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या नात्यातलं हे घर. केशवदेव यांनी मात्र वकिलीची वाट न धरता कानपूरच्या हारकोर्ट बटलर तंत्रज्ञान संस्थेत तेल-तंत्रज्ञान शिकायला घेतलं. त्या काळात या शिक्षणाचा भर खाद्यतेल आणि साबण अशा उद्योगांवर असे, खनिज तेलाशी त्याचा संबंध लांबचाच. तरीही रसायनशास्त्र, घनता, उकळबिंदू, ऊर्ध्वपातन हे शब्द त्यांना परके नव्हते. पुढे तेल कंपन्यांचे अधिकारी तांत्रिक कारणं घेऊन समोर बसायचे तेव्हा हे शिक्षण कामी आलं. भारतात पेट्रोलियम खातं सांभाळलेल्यांमध्ये असा माणूस क्वचितच सापडतो.

स्वातंत्र्यलढ्यात ते काँग्रेसमध्ये होते, तुरुंगातही गेले. अलाहाबादमुळे नेहरूंशी जुना संबंध होता. उत्तर प्रदेशच्या राजकारणात काम करून ते १९५२नंतर केंद्रात आले आणि नैसर्गिक साधनसंपत्ती व वैज्ञानिक संशोधन या खात्याचे उपमंत्री झाले. खातं नवं होतं, पैसा कमी होता आणि मोठ्या नेत्यांना त्यात फारसा रस नव्हता. मालवीय यांनी त्यातलं तेल उचललं.

त्या वेळी तेल कुणाच्या हातात होतं?

तेव्हाचा बीड जिल्हा हैदराबाद संस्थानातून नुकताच बाहेर पडलेल्या हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. गावात वीज नव्हती. पेट्रोलशी सामान्य माणसाचा संबंध एसटीपुरता. घराघरात लागायचं ते रॉकेल. कुणी त्याला घासलेटही म्हणे. चिमणी, कंदील, लग्नात पेट्रोमॅक्स. म्हणजे त्या काळी जागतिक तेलबाजार बीडच्या खेड्यात पोहोचत होता तो रॉकेलच्या डब्यातून.

हा डबा विकणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या. बर्मा-शेल सर्वांत मोठी, तिच्या जोडीला अमेरिकेच्या स्टॅनव्हॅक आणि कॅल्टेक्स. देशाचं स्वतःचं तेल म्हणजे आसाममधलं दिग्बोई. स्वातंत्र्याच्या वेळी तिथे वर्षाला अडीच लाख टनांच्या आसपास उत्पादन होतं. बाकी सगळं बाहेरून.

दर कसा ठरे हे समजून घ्यायला १९२८ सालात जावं लागतं. त्याआधी एका अमेरिकी कंपनीने सोव्हिएत रशियाकडून स्वस्तात रॉकेल घेऊन भारतात विकायला सुरुवात केली होती. शेलचे प्रमुख हेन्री डिटर्डिंग भडकले आणि भारतात दरयुद्ध पेटलं. ते पसरत जगभर गेलं. शेवटी १९२८मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅकनाकॅरी इथल्या वाड्यात बड्या तेल कंपन्यांचे प्रमुख शिकारीच्या निमित्ताने जमले आणि बाजार वाटून घेण्याचा समझोता झाला. बर्मा ऑइल आणि शेल यांनी भारतातला विक्रीचा धंदा एकत्र करून बर्मा-शेल काढली तीही याच वर्षी.

या व्यवस्थेत दराचं एक सूत्र होतं. तेल कुठूनही येवो, ते अमेरिकेजवळच्या मेक्सिकोच्या आखातातून आलं असं मानायचं. तिथला दर घ्यायचा आणि तिथून ग्राहकाच्या बंदरापर्यंतचं जहाजभाडं त्यात मिळवायचं. तेल प्रत्यक्षात इराणच्या अबादानहून मुंबईला आलं, तरी भाडं अमेरिकेहून आल्याचं. माजलगावचा कापूस परळीला विकताना नागपूरहून आणल्याचं भाडं लावावं, असा हा प्रकार. दुसऱ्या महायुद्धानंतर मोजणी इराणच्या आखातापासून होऊ लागली. जाहीर दर, अधिक जहाजभाडं, अधिक विमा, अधिक जकात, अधिक कंपनीचा खर्च आणि नफा अशी ही बेरीज. १९४८पासून सरकार आणि बर्मा-शेल यांच्यात याच पायावर एक हिशेब चाले आणि बाकीच्या कंपन्या तोच दर लावत. तज्ज्ञ याला आयात-समता दर म्हणतात.

यातली खरी मेख जाहीर दर या शब्दात होती. आखातातली कंपनी आणि मुंबईतली कंपनी एकाच मालकाच्या. डाव्या खिशाने उजव्या खिशाला किती दराने विकलं हे तपासायचा सरकारकडे मार्ग नव्हता.

रिफायनरी मुंबईत, दर आखातातला

१९५१ ते ५३च्या दरम्यान सरकारने तीन परदेशी कंपन्यांशी करार केले. त्यातून ट्रॉम्बेला स्टॅनव्हॅकची रिफायनरी १९५४मध्ये आणि बर्मा-शेलची १९५५मध्ये सुरू झाली. कॅल्टेक्सची विशाखापट्टणमला १९५७मध्ये. देशात मोठ्या रिफायनऱ्या आल्या याचं तेव्हा कौतुकही झालं, आणि ते रास्त होतं. पण करारांतल्या अटी कंपन्यांच्या बाजूने झुकलेल्या होत्या. २५ वर्षं राष्ट्रीयीकरण नाही, कच्चं तेल आपल्या मर्जीच्या ठिकाणाहून आणायची मोकळीक, आणि तयार मालाला दर आयातीइतकाच.

म्हणजे माल मुंबईत तयार होऊनही तो आखातातून जहाजाने आला असं समजून विकला जाणार. मालवीय यांना हे करार आयते मिळाले होते, ते मोडता येणार नव्हते. त्यांनी दुसरी वाट काढली. स्वतःचं तेल शोधायचं, स्वतःच्या रिफायनऱ्या काढायच्या, स्वतःची विक्री कंपनी उभी करायची आणि मग कंपन्यांशी दराचं बोलायचं. नुसत्या मागणीने दर उतरत नाही, हातात दुसरा माल लागतो, हे त्यांचं गणित होतं.

तेल कंपन्यांचं आणि बऱ्याच पाश्चात्त्य भूशास्त्रज्ञांचं तेव्हा मत होतं की आसाम सोडला तर भारतात फारसं तेल नाही. मालवीय यांना ते पटत नव्हतं. १९५५मध्ये त्यांच्या खात्यात तेल आणि नैसर्गिक वायू संचालनालय सुरू झालं. ते आणि त्यांचे सहकारी रशिया, रुमानिया आणि युरोपातल्या इतर देशांत फिरून आले. एन. ए. कालिनिन यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत तज्ज्ञांचं पथक भारतात आलं आणि त्याने खंबातचं आखात, आसाम आणि इतर खोऱ्यांकडे बोट दाखवलं. ऑगस्ट १९५६मध्ये संचालनालयाचा आयोग झाला, मुख्यालय डेहराडून. १९५९मध्ये संसदेच्या कायद्याने त्याला वैधानिक दर्जा मिळाला. हीच आजची ओएनजीसी.

पहिली विहीर मात्र फसली. हिमाचलच्या ज्वालामुखी इथे १९५७मध्ये खोदकाम सुरू झालं, वायूचा माग लागला, तेल नाही. पैसा पाण्यात घातल्याची टीका झाली. अर्थखात्याचा हात तर आधीपासूनच आखडता होता. पण १९५८मध्ये खंबातजवळ लुणेजला तेल लागलं आणि १९६०मध्ये अंकलेश्वरला. अंकलेश्वरच्या विहिरीला नेहरूंनी 'वसुधारा' हे नाव दिलं. दोन्ही ठिकाणं तेव्हाच्या मुंबई राज्याच्या भूगोलातली. १ मे १९६०ला राज्याचे दोन भाग झाले आणि ती गुजरातकडे गेली. काही आठवडे इकडे-तिकडे, पण हा योगायोग महाराष्ट्रात फारसा कुणी सांगत नाही.

मुंबईच्या धक्क्याला लागलेलं रशियन जहाज

मालवीय यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा काळ म्हणजे १९६०चं वर्ष. १९५७पासून देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती. तेल हा आयातीतला मोठा खर्च. अशात सोव्हिएत रशियाने आखातापेक्षा स्वस्त कच्चं तेल देऊ केलं, आणि पैसे रुपयांत चालणार होते. सरकारने तिन्ही कंपन्यांना विचारलं की हे तेल तुमच्या रिफायनरीत शुद्ध कराल का. कंपन्यांनी नकार दिला. करारानुसार कच्चं तेल कुठून घ्यायचं हा त्यांचा हक्क होता.

कायद्याने कंपन्या बरोबर होत्या. मालवीय यांनी मग तयार मालच रशियाकडून घ्यायचं ठरवलं. त्यासाठी विक्री कंपनी तयार होती. ३० जून १९५९ला इंडियन ऑइल कंपनी स्थापन झाली होती. १७ ऑगस्ट १९६०ला 'उझगोरोद' नावाचं सोव्हिएत जहाज सुमारे ११ हजार टन डिझेल घेऊन मुंबईत ट्रॉम्बेच्या पीर पाव जेट्टीला लागलं. देशाच्या एकूण गरजेच्या मानाने हा माल किरकोळ होता. पण बर्मा-शेल आणि स्टॅनव्हॅकच्या रिफायनऱ्यांच्या दारात तो उतरला, आणि बाजारात आता दुसरा विक्रेता आहे हे दिसलं.

त्याचा परिणाम झाला. ज्या कंपन्या जाहीर दराखाली एक पैसा उतरायला तयार नव्हत्या, त्या भारताला कच्च्या तेलात सूट द्यायला लागल्या. जगातही तेव्हा तेल गरजेपेक्षा जास्त झालं होतं, रशियन तेल इटलीपासून जपानपर्यंत विकलं जात होतं. ऑगस्ट १९६०मध्ये स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सीने आखाताच्या तेलाचा जाहीर दर कमी केला, बाकीच्या कंपन्या मागे गेल्या. उत्पादक देशांचं उत्पन्न घटलं. ते चिडले आणि १४ सप्टेंबर १९६०ला बगदादमध्ये इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला यांनी ओपेक स्थापन केली. ओपेक भारतामुळे झाली असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. पण आखाताच्या दरावर जो दबाव आला त्यात भारताला द्याव्या लागलेल्या सवलतींचाही वाटा होता.

देशात दराचा मुद्दा चौकशी समितीकडे गेला. सनदी अधिकारी दामले यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीने १९६१मध्ये अहवाल दिला. समितीने आयात-समता सूत्र मोडलं नाही. पण कंपन्यांना जी सूट प्रत्यक्षात मिळते ती दरातून वजा झालीच पाहिजे, एवढं तिने मान्य केलं. जाहीर दर हा पवित्र आकडा राहिला नाही. त्यानंतर तालुकदार समिती १९६५मध्ये, शांतिलाल शाह समिती १९६९मध्ये, अशा समित्या येत गेल्या आणि प्रत्येकीने सूत्र थोडं थोडं कातरलं. तेव्हाच्या बातम्यांत हे फार कोरडं वाटत असणार. रॉकेलच्या बाटलीमागचे पैसे मात्र याच कातरकामातून ठरत होते.

दहा हजार रुपये आणि राजीनामा

एप्रिल १९६२मध्ये मालवीय कॅबिनेट मंत्री झाले. खाणी आणि इंधन हे खातं. वर्षभरातच ते गेलं. ओडिशातल्या खाण उद्योगातल्या सेराजुद्दीन कंपनीशी त्यांच्या संबंधांवरून संसदेत वादळ उठलं. एका उमेदवाराच्या निवडणूक खर्चासाठी या कंपनीकडून १० हजार रुपये देवविल्याचा मुद्दा त्यात होता. नेहरूंनी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. के. दास यांच्याकडून चौकशी करवली. अहवाल जाहीर झाला नाही. जून १९६३मध्ये मालवीय यांनी राजीनामा दिला.

त्यांचे समर्थक म्हणत की तेल कंपन्यांनी काटा काढला. या म्हणण्याला कागदाचा आधार दिसत नाही, आणि रक्कम लहान होती म्हणून प्रश्न लहान होत नाही. खाण खात्याचा मंत्री खाणमालकाकडून पक्षासाठी पैसे मागतो हे चुकीचंच होतं. तेलाच्या धोरणात त्यांनी जे केलं त्याने हे पुसलं जात नाही, आणि याने तेही पुसलं जात नाही. ते मंत्रिमंडळाबाहेर असताना १ सप्टेंबर १९६४ला इंडियन रिफायनरीज आणि इंडियन ऑइल कंपनी एकत्र होऊन इंडियन ऑइल कॉर्पोरेशन झालं. बरौनीची रिफायनरी १९६४मध्ये आणि कोयलीची १९६५मध्ये सुरू झाली. या सगळ्याची पायाभरणी त्यांच्या काळातली.

१९७३चा भडका

ऑक्टोबर १९७३मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं. आखाताच्या तेलाचा जाहीर दर बॅरलला सुमारे ३ डॉलर होता, तो ऑक्टोबरमध्येच ५ डॉलरच्या वर गेला आणि १ जानेवारी १९७४पासून ११.६५ डॉलर झाला. अडीच-तीन महिन्यांत जवळपास चौपट. देशात पेट्रोलचे दर वाढले. अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले ते याच वर्षी. मराठवाडा तेव्हा १९७२च्या दुष्काळातून कसाबसा बाहेर येत होता. बीड जिल्ह्यात माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडून नुकती घरी परतली होती, आणि आता रॉकेल, खत, एसटीचं भाडं यांची पाळी होती. खताचा उल्लेख मुद्दाम, कारण तेल महागलं की युरिया महागतो. शेतकऱ्याला हा फटका पंपावर न जाताही बसतो.

इंदिरा गांधींनी मालवीय यांना पुन्हा मंत्रिमंडळात घेतलं. १९७१मध्ये ते उत्तर प्रदेशातल्या डुमरियागंजमधून लोकसभेत आले होते. १९७४मध्ये त्यांच्याकडे पेट्रोलियम खातं आलं तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती.

त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत, ते खात्यात येण्याआधी, 'सागर सम्राट' या खोदकाम जहाजाला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल लागलं होतं. हेच बॉम्बे हाय. या जागेचा माग १९६०च्या दशकाच्या मध्याला सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाने काढला होता. उत्पादन मे १९७६मध्ये सुरू झालं तेव्हा मंत्री तेच होते. विहीर सापडल्यापासून सव्वादोन वर्षांत समुद्रातून तेल काढणं ही तेव्हाच्या ओएनजीसीसाठी मोठी गोष्ट होती. पुढे १९८०च्या दशकाच्या शेवटी बॉम्बे हायने वर्षाला दोन कोटी टनांपर्यंत तेल दिलं.

कंपन्यांचा शेवटही याच काळात झाला. एस्सो, म्हणजे पूर्वीची स्टॅनव्हॅक, १९७४मध्ये सरकारकडे आली आणि हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. बर्मा-शेल जानेवारी १९७६मध्ये सरकारने घेतली, ती आजची भारत पेट्रोलियम. त्याच वर्षाअखेरीस कॅल्टेक्सही आली. पानेवाडीच्या डेपोत माहुलहून येणारी पाइपलाइन भारत पेट्रोलियमची, पाकणीला पुण्यामार्गे जाणारी हिंदुस्तान पेट्रोलियमची. ज्या दोन रिफायनऱ्यांनी १९६०मध्ये मालवीय यांना नाही म्हटलं, त्याच आज दोन बाजूंनी मराठवाड्याला इंधन पाठवतात.

सूत्र बदललं, पण किंमत मोजून

१९७४मध्ये कृष्णस्वामी समिती नेमली गेली. तिने १९७६मध्ये जे सांगितलं त्याने आयात-समता सूत्र बाजूला पडलं. रिफायनरीला कच्च्या तेलाचा खर्च, शुद्धीकरणाचा खर्च आणि ठरावीक परतावा मिळेल, ग्राहकाचा दर सरकार ठरवेल, मधला फरक एका सामायिक खात्यातून भरला जाईल. ही प्रशासित दर व्यवस्था. मालवीय यांना हवं होतं ते जवळपास मिळालं. १९७७मध्ये काँग्रेसची सत्ता गेली, मंत्रिपदही गेलं. मे १९८१मध्ये त्यांचं निधन झालं. डेहराडूनच्या ओएनजीसीच्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव आहे.

या व्यवस्थेने सामान्य ग्राहकाला पंचवीस वर्षं जागतिक धक्क्यांपासून बरंचसं वाचवलं, हे खरं. रेशनचं रॉकेल स्वस्त राहिलं. पण स्वस्त रॉकेल आणि महाग डिझेल यांच्यातल्या फरकावर भेसळीचा धंदा पोसला गेला. तो इतका माजला की २५ जानेवारी २०११ला मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. दुसरीकडे सरकार निवडणुका पाहून दर अडवायचं आणि तेल खात्यातली तूट फुगायची. मालवीय यांच्या विचारात कंपनीच्या हावेला उत्तर होतं. सरकारच्या सोयीला मात्र त्यात उत्तर नव्हतं.

आता बीडचा दर कसा बनतो?

१ एप्रिल २००२ला प्रशासित व्यवस्था संपली. पेट्रोलचे दर २६ जून २०१०ला मोकळे झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४मध्ये. १६ जून २०१७पासून दर रोज सकाळी सहाला बदलू शकतात. आणि सूत्र? रंगराजन समितीच्या शिफारशीवरून २००६मध्ये व्यापार-समता दर आला. त्यात ८० टक्के वजन आयात किमतीला, २० टक्के निर्यात किमतीला. म्हणजे माहुलला तयार झालेल्या डिझेलचा पाया पुन्हा परदेशी बाजारातल्या तयार डिझेलचाच. मेक्सिकोच्या आखाताचं खोटं भाडं गेलं, पण बाहेरून आला असं मानायची रीत मोठ्या प्रमाणात परतली. आता कंपन्या मात्र सरकारी आहेत.

गणित असं. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. सोयीसाठी डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर बॅरल एका डॉलरने महागलं की लिटरमागे साधारण ५३ पैसे वाढतात. रुपया घसरला तरी तेच. तेल ८० डॉलरला असताना डॉलर एका रुपयाने वधारला, तर लिटरमागे सुमारे ५० पैसे. या वाढीवर राज्याचा व्हॅट टक्क्यांत लागतो. जुलै २०२४पासून राज्यभर पेट्रोलवर २५ टक्के अधिक ५.१२ रुपये, डिझेलवर २१ टक्के. त्यामुळे पेट्रोलचे ते ५३ पैसे पंपावर ६६ पैसे होतात. केंद्राचं उत्पादन शुल्क मात्र लिटरला ठरावीक असतं.

मग बीडला मुंबईपेक्षा महाग का? व्हॅटचा दर आता एकच आहे, त्यामुळे मुख्य कारण उरतं वाहतूक. मनमाड असो की सोलापूर, बीड दोन्हीकडून रस्त्याने दीडशे किलोमीटरपेक्षा लांब आहे. टँकरचं भाडं दरात मिळवलं जातं आणि त्या भाड्यावरही व्हॅट लागतो. भाडं एक रुपया असेल तर डिझेलच्या ग्राहकाला ते १ रुपया २१ पैसे पडतं. परभणीचं पेट्रोल राज्यातलं सर्वांत महाग म्हणून २०२१मध्ये बातम्यांत होतं, त्यामागेही हेच अंतर.

जगात तेल स्वस्त झालं की इथे का होत नाही, याचं उत्तर २०२०मध्ये सापडतं. एप्रिल २०२०मध्ये अमेरिकी तेलाचा वायदा शून्याखाली गेला, ब्रेंट २० डॉलरच्या आसपास घसरलं. केंद्राने मार्च आणि मे महिन्यांत मिळून पेट्रोलवर १३ आणि डिझेलवर १६ रुपये उत्पादन शुल्क वाढवलं. स्वस्ताई तिजोरीत गेली. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये आणि २०२२च्या मे महिन्यात हे शुल्क कमी झालं. त्यानंतर जवळपास दोन वर्षं पंपावरचा दर जवळजवळ हलला नाही आणि मार्च २०२४मध्ये दोन रुपयांनी उतरला. मधल्या काळात बाजार वर-खाली होतच होता. कागदावर दर रोज बदलतो, प्रत्यक्षात कधी बदलेल हे दिल्लीत ठरतं.

२०२२मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाने पुन्हा सवलतीत तेल देऊ केलं. भारताच्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता, तो वाढत एक तृतीयांशाच्या पुढे गेला. पैसे कोणत्या चलनात द्यायचे, जहाजं कुणाची, विमा कुणाचा, पाश्चात्त्य देश काय म्हणतील, असे प्रश्न निघाले. मालवीय यांच्या १९६०च्या फायलींतही चलनाचा आणि कंपन्यांच्या नाराजीचा विषय होताच. फरक एक आहे. तेव्हा रशियन तेलाच्या सवलतीवरून थेट दराची चौकशी झाली आणि सूट ग्राहकाच्या दरातून वजा करायचं ठरलं. या वेळी सूट आधी रिफायनऱ्यांच्या हिशेबात जमा झाली, पंपावर तिचा वेगळा आकडा दिसला नाही.

देश आज लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आयात करतो. बॉम्बे हाय म्हातारं झालं आहे. बीड शहरात २०२५मध्ये रेल्वे पोहोचली, पण पंपावरचं डिझेल अजून टँकरनेच येतं.